पिकअप हाकण्याची रीत आणि डिझेलची काटकसर

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर हे दोन तालुके मूळचे कमी पावसाचे. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि या भागाच्या शेतीचे रूप पालटले. पुढे भीमेवर उजनीचे धरण झाले व १९८० च्या सुमारास त्याच्या फुगवट्याचे पाणी इंदापूरच्या उत्तर सीमेस येऊन लागले. पाण्यापाठोपाठ ऊस आला, द्राक्षे व डाळिंबाच्या बागा आल्या, भाजीपाला, दूधधंदा व भिगवणची मासेमारी वाढली. उसाच्या वाहतुकीची व्यवस्था बहुधा कारखान्याकडून होते. परंतु बाकीचा माल बाजारात नेऊन पोचविण्याचा भार शेतकऱ्यावर पडतो. पूर्वी हे काम बैलगाडी व भाड्याचा ट्रक यांनी होत असे. आज ते मुख्यत्वे लहान मालवाहू गाड्यांनी होते. टाटा मोटर्सने २००५ साली आणलेल्या ‘एस’ या गाडीस लोकांनी ‘छोटा हत्ती’ असे नावच देऊन टाकले. तिच्याहून मोठी, दीड टनाच्या आसपास माल नेणारी पिकअप आता वाडीवस्तीवरसुद्धा दिसते.

गाडी दाराशी आली, त्याबरोबर एक नवा खर्चही घरात आला. बियाण्याच्या पिशवीची किंमत शेतकऱ्यास तोंडपाठ असते. खताची गोणी कितीस मिळाली हे तो वहीत लिहितो. पण टोमॅटोचा एक क्रेट पुण्याच्या बाजारात नेण्यास किती डिझेल जळाले, असे विचारले तर बहुतेकांपाशी उत्तर नसते. पंपावर पाचशेचे किंवा हजाराचे डिझेल भरावयाचे व गाडी चालवावयाची, असा प्रघात आहे. अ‍ॅव्हरेज कमी पडले की दोष गाडीवर, पंपावर किंवा रस्त्यावर जातो. चालकाच्या उजव्या पायाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

वास्तविक एकच गाडी, तोच माल व तोच रस्ता असताना दोन चालकांच्या हाती डिझेलचा खर्च पुष्कळ वेगळा येतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दिलेल्या आकड्यांप्रमाणे दामटून चालविण्याने, म्हणजे एकदम वेग घेणे, फार वेगाने जाणे व करकचून ब्रेक दाबणे या सवयींमुळे, मोकळ्या महामार्गावर गाडीचे अ‍ॅव्हरेज १५ ते ३० टक्क्यांनी व गर्दीच्या रस्त्यावर १० ते ४० टक्क्यांनी खालावते. हे नुकसान टाळण्यास नवे यंत्र घ्यावे लागत नाही की कर्ज काढावे लागत नाही. सवय तेवढी बदलावी लागते. ती कशी बदलावी व त्यामागील कारण काय, हे येथे क्रमाने पाहू.

प्रथम मोजमाप

ज्याचे मोजमाप नाही त्याची काटकसर होत नाही. म्हणून आरंभ वहीपासून करावा. पंपावर टाकी पूर्ण भरावी. नळी आपोआप बंद होताच थांबावे, वर आणखी डिझेल कोंबू नये. त्या वेळचा किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. गाडी नेहमीप्रमाणे चालवावी. पुढच्या वेळी शक्य तर त्याच पंपावर, गाडी सपाट जागी उभी करून, टाकी पुन्हा तशीच पूर्ण भरावी. किती लिटर बसले व मध्यंतरी किती किलोमीटर धाव झाली, हे लिहून भागाकार करावा. उदाहरणार्थ, ५५२ किलोमीटर धाव झाली व ४६ लिटर डिझेल बसले, तर गाडी लिटरमागे १२ किलोमीटर चालली.

एका भरण्यावरून निष्कर्ष काढू नये. टाकी भरण्यात एक-दोन लिटरांचा फरक सहज पडतो. चार-पाच भरण्यांची बेरीज घेतली म्हणजे हा फरक नगण्य होतो. नोंदीच्या शेजारी माल किती होता, रस्ता कोणता होता व गाडी कोणी चालविली, हेही लिहावे. महिन्याभरात ही वही आपण होऊन बोलू लागते.

या आकड्याचे मोल किती, ते पाहावे. समजा, गाडी महिन्यास ३,००० किलोमीटर धावते. लिटरमागे १२ किलोमीटर पडले तर २५० लिटर लागतात; १४ पडले तर सुमारे २१४ लिटर पुरतात. म्हणजे महिन्यास ३६ लिटरांची बचत झाली. डिझेलचा दर लिटरला ९० रुपये धरला, तर ही रक्कम महिन्यास ३,२०० रुपयांच्या व वर्षास ३८,००० रुपयांच्या वर जाते. बाजारभाव शेतकऱ्याच्या हाती नसतो. ही रक्कम मात्र त्याच्या हाती आहे.

वेग आणि वारा

गाडी रस्त्याने जाताना इंजिनास मुख्यत्वे दोन अडथळ्यांशी झगडावे लागते. एक, टायरांच्या दबण्याने होणारा रस्त्याचा अडथळा, व दुसरा, समोरच्या वाऱ्याचा. पहिला अडथळा वजनाप्रमाणे वाढतो. वेग वाढल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. वाऱ्याचे गणित मात्र वेगळे आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरचा वेग ८० वर नेला, तर वेग सव्वापटीहून थोडा अधिक वाढतो, पण वाऱ्याचा अडथळा पावणेदोन पटींच्या वर जातो.

पिकअपच्या बाबतीत हे अधिकच लागू पडते. मोटारीचा आकार वारा कापून काढील असा असतो. पिकअपच्या हौद्यात टपाच्या वर उंच रचलेले क्रेट म्हणजे वाऱ्यासमोर धरलेली भिंतच होय. अशा गाडीस ताशी ६० च्या वेगाने दोन्ही अडथळे सारखेच होतात असे धरून चालू. ८० च्या वेगाने रस्त्याचा अडथळा तसाच राहील व वाऱ्याचा पावणेदोन पटींहून अधिक होईल. दोन्ही मिळून एकूण काम सुमारे ३९ टक्क्यांनी वाढेल. लिटरमागे १४ किलोमीटर चालणारी गाडी १० वर येईल.

पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही केंद्र सरकारच्या पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीतील संस्था १९७८ पासून इंधन बचतीचे काम करीत आहे. तिनेही चालकांना असेच सांगितले आहे, की मोटारींच्या चाचण्यांत ताशी ८० ऐवजी ४५ ते ५५ किलोमीटरच्या वेगाने तेवढ्याच इंधनात ४० टक्क्यांपर्यंत अधिक अंतर कापता येते. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेसारख्या श्रीमंत देशानेही १९७४ साली आपल्या सर्व महामार्गांवर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, कमाल मर्यादा घातली होती. तिचा मूळ हेतू इंधन वाचविणे हाच होता.

आता वेळेचा हिशेब करू. १०० किलोमीटर मोकळ्या रस्त्यास ताशी ८० च्या वेगाने ७५ मिनिटे लागतात व ताशी ६० च्या वेगाने १०० मिनिटे. फरक २५ मिनिटांचा. वरील हिशेबाने तेवढ्यासाठी पावणेतीन लिटरांहून अधिक डिझेल, म्हणजे सुमारे २५० रुपये, जादा जळतात. हडपसरच्या गर्दीत किंवा टोलनाक्याच्या रांगेत यांतील बरीच मिनिटे पुन्हा खर्ची पडतात ती वेगळीच. पहाटेच्या सौद्यास पोचावयाचे असेल, तर वेग वाढविण्यापेक्षा अर्धा तास आधी निघणे स्वस्त पडते.

पाटसहून बारामती व इंदापूरमार्गे अकलूजकडे जाणाऱ्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन नोव्हेंबर २०२१ मध्ये झाले. या मार्गाने आणि पुणे-सोलापूर महामार्गाने या भागाची मोठी सोय होते. पण रस्ता रुंद व गुळगुळीत असला की पाय नकळत खाली जातो. रस्त्याची सुधारणा डिझेल वाचविण्यास साह्य करते ती वेग बेताचा ठेवला तरच. एरवी चांगल्या रस्त्याचा लाभ वारा खाऊन टाकतो.

ब्रेक म्हणजे डिझेलचे गतीत झालेले रूपांतर वाया घालविणे

चांगला गाडीवान बैलास आधी आसूड ओढून मग कासरा खेचीत नाही. पुढे उतार आहे की नाला आहे हे तो लांबूनच पाहतो व बैलांची चाल त्याप्रमाणे ठेवतो. मोटारगाडीचेही तसेच आहे. गाडीने घेतलेली गती ही डिझेल जाळून मिळविलेली पुंजी असते. ब्रेक दाबला की ती पुंजी ब्रेकच्या पट्ट्यांत उष्णता होऊन नाहीशी होते.

ही पुंजी किती असते, त्याचा हिशेब करता येतो. मालासह ३ टन वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने जात असेल, आणि डिझेलमधील शक्तीपैकी सुमारे ३० टक्के प्रत्यक्ष चाकांपर्यंत पोचते असे धरले, तर तेवढी गती मिळविण्यास सुमारे ४० मिलिलिटर डिझेल लागते. चहाचा लहान कप भरावा एवढे ते आहे. ताशी ८० च्या वेगासाठी हेच प्रमाण ७० मिलिलिटरांच्या जवळ जाते. गाडी ब्रेकने थांबविली की तो कप सांडला. अशा पंचवीस सांडण्यांत एक लिटर डिझेल जाते.

आपल्या भागात अशी ठिकाणे थोडी नाहीत. गावागावाच्या तोंडाशी गतिरोधक आहेत. गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या रस्ता व्यापून चालतात. फाट्यावर गर्दी असते, दुधाच्या गाड्या थांबत असतात. गतिरोधकापाशी येईपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवावयाचा, अगदी जवळ आल्यावर ब्रेक मारावयाचा, आणि ओलांडताच पुन्हा जोराने रेस करावयाची, ही सर्रास दिसणारी रीत आहे. वेग ६० वरून २० वर आणला तरी पुंजीचा सुमारे नव्वद टक्के भाग जातो. गाडी पूर्ण थांबली नाही म्हणून फारशी बचत झाली असे होत नाही.

यावर उपाय सोपा आहे. गतिरोधक, वळण किंवा पुढची संथ ट्रॉली दिसताच दोन-तीनशे मीटर आधी पाय उचलावा. गाडी गिअरमध्येच राहू द्यावी. ती आपल्याच गतीवर पुढे जात राहते, हळूहळू मंद होते, आणि ब्रेकला थोडेच काम उरते. पुढच्या गाडीपासून पुरेसे अंतर ठेवले तरच हे साधते. अंतर कमी असले म्हणजे पुढच्याच्या प्रत्येक ब्रेकबरोबर आपल्यालाही ब्रेक दाबावा लागतो. उसाच्या ट्रॉलीमागे चिकटून चालणे हे डिझेलच्या दृष्टीने तोट्याचे व जिवाच्या दृष्टीने धोक्याचे आहे, कारण रात्री ट्रॉलीचा मागचा दिवा लागत असेलच असे नाही.

गिअरचा योग्य उपयोग

डिझेल इंजिन मध्यम फेऱ्यांवर सर्वांत चांगले काम देते. आजच्या बहुतेक लहान डिझेल गाड्यांची ओढ मिनिटास १,५०० ते २,५०० फेऱ्यांच्या दरम्यान सर्वाधिक असते. समोरच्या तबकडीवर फेऱ्यांचा काटा असेल तर तो पाहावा; नसेल तर इंजिनाचा आवाज ऐकावा. साधारण २,००० फेरे झाले की वरचा गिअर टाकावा. खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडत ठेवणे म्हणजे जागच्या जागी शक्ती खर्चणे होय. उलट बाजूनेही चूक होते. मालाने भरलेली गाडी चढावर वरच्याच गिअरमध्ये रेटावयाची, इंजिन गचके देऊ लागले तरी गिअर उतरवावयाचा नाही, यानेही डिझेल अधिक जळते, काळा धूर निघतो व इंजिनास ताण बसतो. चढ समोर दिसताच, गती पडण्याआधी गिअर उतरवावा.

क्लचवर पाय टेकवून गाडी चालविण्याची सवय अनेकांस असते. त्याने क्लचची तबकडी घसरते, शक्ती वाया जाते व तबकडी अकाली झिजते. क्लच वापरावयाचा तेव्हाच पाय तेथे न्यावा, एरवी बाजूस ठेवावा. हँडब्रेक पूर्ण सुटला आहे की नाही, तेही निघताना पाहावे.

उतारावर न्यूट्रल : बचत नव्हे, संकट

बारामतीहून पुण्यास जाण्यास पाटस-यवतचा रस्ता आहे, तसाच मोरगाव, जेजुरी, सासवडवरून दिवे घाटाचाही रस्ता आहे. सासवड सोडून पुण्याकडे जाताना दिवे घाटाचा मोठा उतार लागतो. मुंबईस माल नेणाऱ्यांना खंडाळ्याचा बोरघाट उतरावा लागतो. अशा उतारावर गाडी न्यूट्रल करावयाची, कोणी तर इंजिनच बंद करावयाचे, आणि ‘डिझेल वाचविले’ असे समाधान मानावयाचे, ही समजूत फार जुनी आहे. या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना हीच की, ती समजूत ताबडतोब सोडून द्यावी.

पहिले कारण असे की तीत बचतच नाही. आजच्या डिझेल इंजिनात डिझेल सोडण्याचे काम संगणकीय यंत्रणा करते. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय उचलला, की ही यंत्रणा डिझेलचा पुरवठा पूर्ण बंद करते. चाकेच इंजिनास फिरवितात. गाडी न्यूट्रल केली, तर इंजिन बंद पडू नये म्हणून तीच यंत्रणा थोडे थोडे डिझेल सोडीत राहते. म्हणजे गिअरमध्ये उतरणारी गाडी शून्य डिझेल घेते व न्यूट्रलमध्ये उतरणारी काही तरी घेतेच.

दुसरे कारण जिवाचे आहे. गिअर असतो तेव्हा इंजिन गाडीस मागे ओढून धरते. न्यूट्रलमध्ये तो आधार सुटतो आणि मालासह तीन टनांचा सारा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर सतत दाबलेले ब्रेक तापतात व तापलेले ब्रेक धरीनासे होतात. इंजिनच बंद केले, तर ब्रेक हलके करणारी यंत्रणा दोन-चार दाबांतच निकामी होते, सुकाणू जड होते, आणि किल्ली पुरी फिरविली गेल्यास ते कुलूपबंदही होऊ शकते. घाटात हे घडले तर उपाय उरत नाही. म्हणून घाट उतरण्याआधीच गिअर खाली घ्यावा. ज्या गिअरने तो घाट चढावा लागला असता, साधारण त्याच गिअरने तो उतरावा. ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा वेळ नीट दाबून सोडावा.

कोणत्या रस्त्याने जावे, याचाही विचार करावा. ३ टनांची गाडी १०० मीटर उंच चढविण्यास, वर धरलेल्याच प्रमाणाने, पाव लिटरहून थोडे अधिक डिझेल लागते. उतारावर यांतील काही भाग परत मिळतो, पण तीव्र घाटात तो बहुतेक ब्रेकमध्येच जातो. म्हणून अंतर थोडे कमी आहे एवढ्यावरून चढउताराचा रस्ता स्वस्त ठरत नाही. दोन्ही रस्त्यांनी दोन-चार फेऱ्या करून वहीतील आकडे पाहावेत व मग निर्णय करावा.

उभी गाडी, चालू इंजिन

दूध संकलन केंद्रापुढे, वजनकाट्याच्या रांगेत, बाजार समितीच्या फाटकाशी गाड्या उभ्या असतात व इंजिने चालू असतात. उभ्या गाडीचे डिझेल इंजिन आकाराप्रमाणे तासास अर्धा ते एक लिटर डिझेल घेते. रोज अर्धा तास असा गेला तरी महिन्यास १५ तास होतात, आणि साडेसात ते पंधरा लिटर डिझेल एकही किलोमीटर न धावता जळते. इंजिन पुन्हा चालू करण्यास फार डिझेल लागते, हा समज जुना झाला. एक मिनिटाहून अधिक थांबावयाचे असेल, तर इंजिन बंद करणेच योग्य. एक अपवाद ध्यानात ठेवावा. भरल्या गाडीने मोठा चढ चढून लगेच थांबावे लागले, तर टर्बो निवण्यासाठी अर्धे-एक मिनिट इंजिन मंद चालू ठेवून मग बंद करावे.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ च्या गाड्या आल्या. त्यांतील अनेक डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारी गाळणी असते. उभ्या गाडीचे इंजिन वारंवार चालू ठेवल्याने व फार जवळच्या फेऱ्यांनी ही गाळणी लवकर भरते. मग ती जाळून साफ करण्यास गाडी जादा डिझेल घेते. अशा गाडीस अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग अर्धा तास एकसारख्या वेगाने चालू द्यावे. तबकडीवर गाळणीचा दिवा लागला, तर तिकडे दुर्लक्ष करू नये.

टायर, वजन व रचना

टायरमधील हवा आठवड्यातून एकदा व लांबच्या फेरीआधी तपासावी. टायर थंड असताना तपासावी, कारण धावल्यावर हवा तापून दाब वाढलेला दिसतो. रिकाम्या व भरल्या गाडीस किती दाब ठेवावा, हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांप्रमाणे सर्व टायरांत सरासरी एक पौंड दाब कमी असला तर अ‍ॅव्हरेज सुमारे ०.२ टक्क्याने घटते. दहा पौंड कमी असेल तर सुमारे २ टक्के. हा तोटा लहान वाटतो. पण कमी हवेवर भार वाहणारा टायर बाजूने तापतो व उन्हाळ्यात फुटतो, हा तोटा मोठा आहे.

जादा भार घालू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या सुधारणेने जादा भारासाठी २०,००० रुपये व वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये अशा दंडाची तरतूद झाली आहे. दंड टळला तरी चढावर गिअर उतरवून चालताना, ब्रेक अधिक दाबताना व टायर झिजताना तो दुसऱ्या वाटेने वसूल होतोच. भाराची रचनाही पाहावी. जड माल खाली व पुढच्या बाजूस, हलका वर ठेवावा. ताडपत्री सैल फडफडू देऊ नये. ती ताणून बांधावी. परतीच्या वेळी रिकामे क्रेट उंच न रचता एकात एक बसवून टपाच्या खालीच ठेवावेत. परतीची गाडी हलकी असते, तेव्हा वाऱ्याचाच अडथळा मोठा असतो, हे विसरू नये.

मालक आणि चालक

पुष्कळ ठिकाणी गाडीचा मालक एक व चालक दुसरा असतो. चालकास फेरीमागे पैसे मिळत असतील व डिझेल मालकाचे असेल, तर त्याने सावकाश का चालवावे? तो दिवसात एक फेरी अधिक व्हावी म्हणूनच धावणार. मालकही दर दहा मिनिटांनी फोन करून ‘कुठवर आलास’ असे विचारीत असेल, तर चालकाचा पाय अधिकच खाली जातो. यात एकट्या चालकास दोष देणे न्यायाचे नाही. मालकाने निघण्याची वेळ अलीकडे घ्यावी, वही चालकाच्याच हाती द्यावी, आणि वाचलेल्या डिझेलच्या रकमेतील काही भाग त्यास महिनाअखेर द्यावा. काटकसरीचा लाभ ज्याच्या हाती गाडी आहे त्यास मिळाला, तरच ती टिकते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

नव्या बियाण्याचे किंवा ठिबकाचे प्रात्यक्षिक शेतावर करून दाखविल्यावाचून शेतकरी त्याचा स्वीकार करीत नाही, आणि ते योग्यच आहे. डिझेलच्या काटकसरीचेही प्रात्यक्षिक करता येते. गावातील पिकअप असणाऱ्या चार-सहा शेतकऱ्यांना एकत्र करावे. पहिले दोन आठवडे प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या रीतीने गाडी चालवून नोंद ठेवावी. पुढील दोन आठवडे चारच नियम पाळावेत : मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० च्या आसपास एकसारखा वेग, गतिरोधकाच्या बऱ्याच आधी पाय उचलणे, वेळीच वरचा गिअर टाकणे, आणि थांबल्यावर इंजिन बंद करणे. टायरची हवा आरंभीच सर्वांची सारखी करून घ्यावी, म्हणजे फरक सवयीचाच आहे हे उघड होईल. शेवटी वह्या समोर ठेवून आकडे फळ्यावर लिहावेत. कोणाचे अ‍ॅव्हरेज वाढले, कोणाचे नाही व का, याची चर्चा होऊ द्यावी. या एका बैठकीने जे पटेल ते दहा भाषणांनी पटणार नाही.

भारतास लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून विकत आणावे लागते. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.६ किलो कर्बवायू हवेत जातो. म्हणून वाचलेला प्रत्येक लिटर देशाच्याही कामी येतो. परंतु शेतकऱ्याने एवढ्या दूरचा विचार न केला, तरी चालण्यासारखे आहे. डाळिंबाचा भाव पडला, दुधाचा दर उतरला, तर त्यास इलाज नसतो. गाडीच्या टाकीतून जाणारे महिन्याचे तीन हजार रुपये मात्र दर दिवशी, दर गतिरोधकापाशी, त्याच्या स्वतःच्या पायाखाली असतात. येत्या भरण्यापासून वही घालावी व महिन्याअखेर आपला आकडा आपणच पाहावा.